गोल्फ स्विंग शिकताना चेंडू नंतर

रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, नवखा माणूस आला की पहिल्या पाच मिनिटांत काय होणार हे आता पाठ झालंय. बादलीभर चेंडू घ्यायचे, पिशवीतला सगळ्यात लांब क्लब (गोल्फची काठी) उपसायचा आणि जीव खाऊन हाणायला लागायचं. दहातले चार चेंडू जमिनीवरून सरपटत जातात, तीन उजवीकडे वळून जाळीत अडकतात, दोनदा क्लब जमिनीतच रुततो आणि एक चेंडू, कसा कोण जाणे, सरळ उडतो. त्या एकाच्या नादात उरलेली बादली वाया जाते. मग शेजारच्या खणातले काका सांगतात, "मान वर करताय तुम्ही." मान खाली दाबून पुन्हा तेच सुरू.

चूक बहुतेक वेळा स्विंगमध्ये, म्हणजे क्लब फिरवण्यात, नसते. क्लब हलायच्या आधीच ती झालेली असते: पकडीत, पायांच्या जागेत किंवा नेमात. यातलं एक बिघडलं की शरीर पुढे ते सावरून घेऊ पाहतं, आणि ती सावरासावरच अंगवळणी पडते. म्हणून खालच्या क्रमात चेंडू तिसऱ्या टप्प्यात येतो आणि ड्रायव्हर, म्हणजे तो सगळ्यात लांब क्लब, अगदी शेवटी. क्रम मोडलात तर लेखाचा उपयोग नाही.

सगळ्या सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.

## तयारी: सोबत काय हवं

क्लब एकच, ७ नंबरचा आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा, मधल्या लांबीचा). नियमाप्रमाणे पिशवीत १४ क्लब ठेवता येतात, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाकीचे १३ घरीच राहू द्या. विकत घेण्याचीही घाई नको. बऱ्याच रेंजवर क्लब भाड्याने मिळतात. ७ नंबरची लांबी साधारण ३७ इंच असते आणि लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला भिडणाऱ्या सपाट बाजूचा) तिरपेपणा, ३० ते ३४ अंश. ड्रायव्हर ४५ इंचांच्या आसपास आणि लॉफ्ट जेमतेम १० अंश. क्लब जितका लांब, तितका तो चेंडूवर नेमका आणणं अवघड. लॉफ्ट जितका कमी, तितका चेंडू बाजूला जास्त वळतो. सात नंबरने जी चूक चेंडूला पाच-दहा पावलं बाजूला नेते, तीच चूक ड्रायव्हरने थेट झाडीत नेते.

याशिवाय दोन सरळ काठ्या (पीव्हीसीची बारीक नळीही चालते), एक छोटा टॉवेल, काही टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) आणि मूठभर पांढरी रांगोळी. रांगोळी कशाला ते पुढे येईल. डाव्या हातात हातमोजा घाला. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तो घामाने निसरडा होतो, तेव्हा जास्तीचा एक जवळ असू द्या. निसरड्या मोज्यामुळे माणूस नकळत पकड आवळतो.

सुरुवातीला पाच-सात मिनिटं अंग मोकळं करा. क्लब खांद्यांवर आडवा धरून धड दोन्ही बाजूंना वळवा, मनगटं फिरवा, मग क्लब अर्ध्या वेगाने दहा वेळा नुसता फिरवा.

सावध: क्लब फिरवण्याआधी प्रत्येक वेळी मागे वळून पाहा, लहान मुलं सोबत असतील तर दोनदा. चेंडू पाच फुटांवर घरंगळला तरी खणाची रेषा ओलांडून उचलायला जाऊ नका. मैदानात असताना चेंडू कुणाच्या दिशेने गेला तर संकोच न करता मोठ्याने "फोर!" ओरडा.

## टप्पा १: पकड

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही. चेंडू कोणत्या दिशेला निघेल हे मुख्यतः फेस ठरवतो, आणि फेसला जोडलेले असतात ते फक्त तुमचे हात.

१. क्लब जमिनीवर टेका. फेसची सर्वांत खालची कड लक्ष्याला काटकोनात ठेवा. बरेच जण वरची कड पाहून सरळ करतात आणि तिथेच फेस वाकडा होतो.

२. डावा हात आधी. ग्रिप, म्हणजे क्लबचा धरायचा भाग, तळहातात आडवी घेऊ नका. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत ती बोटांवर तिरकी बसली पाहिजे. करंगळीखालची तळहाताची गादी ग्रिपच्या वर यायला हवी. मूठ मिटल्यावर खाली पाहा: मुठीवरचे दोन, फार तर अडीच उंचवटे दिसले पाहिजेत.

३. मग उजवा हात. तोही बोटांनीच धरतो. डाव्या हाताचा अंगठा उजव्या तळहाताच्या खोलगट भागात झाकला जातो.

४. दोन्ही हात जोडण्याच्या तीन पद्धती आहेत: उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवणं, तिच्यात अडकवणं, किंवा दहाही बोटं ग्रिपवर ठेवणं. हात लहान असतील तर दुसरी किंवा तिसरी सोयीची. एक निवडा आणि महिनाभर बदलू नका.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार होते. दोन्ही हातांच्या खाचा हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या मधल्या भागाकडे रोखलेल्या असाव्यात. त्या हनुवटीच्या डावीकडे गेल्या असतील तर फेस उघडा (उजवीकडे वळलेला) राहणार आणि चेंडू उजवीकडे पळणार.

दाब किती? आमरसासाठी आंबा हातात दाबून मऊ करताना साल फुटू नये इतपत. घट्ट आवळलं की मनगटं लाकडासारखी होतात आणि क्लबचा वेग तिथेच मरतो.

तपासणी: चार-पाच सत्रांनंतर हातमोजा पाहा. करंगळीखालच्या गादीवर तो झिजून भोक पडत असेल तर ग्रिप तळहातात आहे किंवा स्विंगमध्ये सरकते आहे. खरं सांगायचं तर माझे पहिले तीन मोजे तिथेच फाटले आणि मी मोज्याच्या कातड्याला दोष देत होतो.

घरी टीव्ही पाहताना क्लब हातात घ्या, सोडा, पुन्हा घ्या. रोज वीस वेळा. या सरावाला रेंजचे पैसे पडत नाहीत.

## टप्पा २: उभं राहणं आणि नेम

नेम आधी घ्यायचा, पाय नंतर लावायचे. नवखे नेमकं उलट करतात: आधी पाय रोवतात, मग मान वळवून लक्ष्य शोधतात.

चेंडूच्या मागे उभे राहा. चेंडूपासून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेवर, दोन-तीन फुटांवर एखादं पान, खूण किंवा तुटकी टी हेरा. क्लबचा फेस त्या खुणेवर रोखा. आता पाय आणा. दोन्ही पायांच्या चवड्यांना जोडणारी रेषा लक्ष्यरेषेला समांतर हवी, लक्ष्याकडे रोखलेली नको. रेल्वेच्या रुळांसारखं समजा: एका रुळावर चेंडू, दुसऱ्यावर तुमचे पाय. दोन काठ्या या दोन रेषांवर ठेवून सराव करा. काठ्या उचलल्या की पंधरा मिनिटांत नेम पुन्हा घसरतो, म्हणून अधूनमधून ठेवत राहा.

पायांत अंतर खांद्यांइतकं. डाव्या पायाची बोटं थोडी बाहेर वळलेली. चेंडू दोन्ही पायांच्या मध्यापासून एका चेंडूइतका डावीकडे.

वाकायचं ते जांघेतून, पाठीला कुबड काढून नव्हे. भिंतीकडे पाठ करून, टाचा भिंतीपासून चार बोटं दूर ठेवून उभे राहा. पाठ सरळ ठेवून बसायला लागल्यासारखा पार्श्वभाग मागे न्या. तो भिंतीला टेकला की थांबा, गुडघे किंचित सैल सोडा आणि हात खांद्यांखाली सरळ लोंबू द्या. हात जिथे लोंबतात तिथेच क्लब धरायचा. ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यामध्ये एक मूठ सहज मावली पाहिजे.

तपासणी: चवड्यांवर जरासं उसळून पाहा. तोल पुढे जात असेल तर तुम्ही चेंडूपासून लांब आहात. टाचांवर बसल्यासारखं वाटत असेल तर फार जवळ.

## टप्पा ३: कमरेपासून कमरेपर्यंत

पूर्ण स्विंगची घाई इथेच आवरायची. क्लब मागे कमरेइतका, पुढे कमरेइतका, एवढंच. चेंडूशी क्लब जिथे भिडतो तो सगळा भाग या छोट्या स्विंगमध्येच येतो.

आधी चेंडूशिवाय. गवतावर रांगोळीची हातभर रेघ ओढा, लक्ष्यरेषेला आडवी. (माळीबुवांना विचारून ओढा, आणि निघताना झटकून टाका.) रेघ चेंडूच्या जागी आहे असं समजून तिच्यापाशी उभे राहा आणि छोटा स्विंग करा. क्लब जमिनीला कुठे लागतो ते पाहा. तो रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला लागला पाहिजे. रेघेच्या मागे लागत असेल तर चेंडू ठेवण्यात अर्थ नाही.

याचं कारण असं. आयर्नने चेंडू उचलायचा नसतो. क्लब खाली येत असतानाच आधी चेंडूला भिडतो, मग जमिनीला. स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या दोन-चार इंच पुढे असतो. वर उडवण्याचं काम फेसचा तिरपेपणा करतो. क्लब चेंडूखाली घालून त्याला पळीने काढल्यासारखं उचलू पाहणारा माणूस वजन मागच्या पायावर ठेवतो, आणि मग एक तर जमीन खणतो नाही तर चेंडूच्या डोक्यावर मारतो.

दहापैकी सात वेळा रेघेच्या पुढे जमीन लागायला लागली की मग चेंडू, तोही बुटक्या टीवर. पंचवीस-तीस पावलं गेला तरी पुष्कळ. स्विंग संपताना वजन डाव्या पायावर, छाती लक्ष्याकडे आणि दोन्ही हात सैलसर लांब. तिथे तीन आकडे मोजेपर्यंत थांबा.

सावध: रबरी मॅट खोटं बोलते. क्लब चेंडूच्या मागे आपटला तरी मॅटवरून घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो; तोच फटका गवतावर मारला तर चेंडू जागचा हलत नाही. मॅटवर असाल तर टॉवेलची घडी चेंडूच्या मागे चार-पाच बोटांवर ठेवा. टॉवेल उडाला की चूक पकडली गेली. एप्रिल-मेच्या टणक जमिनीवर क्लब उसळतो आणि पावसाळ्यात रुततो, तेव्हा एका दिवसाच्या निकालावर मत बनवू नका.

### क्रिकेट खेळलेल्यांसाठी वेगळं

आपल्याकडे गोल्फ शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण गल्लीत बॅट धरून मोठा झालेला असतो. नजर आणि मनगटं तयार असतात हा फायदा. पण तीन सवयी आड येतात.

पहिली, डावं कोपर. सरळ ड्राइव्ह मारताना ते उंच ठेवून बॅटचा चेहरा सरळ पुढे नेणं हे क्रिकेटमध्ये उत्तम तंत्र. गोल्फमध्ये हेच केलं की कोपर बाहेर निघतं, फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. इथे चेंडू गेल्यावर दोन्ही हात वळले पाहिजेत: छोट्या स्विंगच्या शेवटी क्लबचं टोक आकाशाकडे, उजवा तळहात डावीकडे पाहतोय, जणू समोरच्याशी हस्तांदोलन करताय.

दुसरी, पाय पुढे टाकून डोकं चेंडूवर नेण्याची. गोल्फचा चेंडू हलत नाही. डोकं पुढे गेलं की क्लब वरून आणि बाहेरून आत येतो.

तिसरी, ताकद. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. गोल्फचा जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे एक तृतीयांशही नाही. तो ढकलायला जोर लागत नाही. क्लब आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात तो वेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात तुम्ही जोर लावून काही बदलू शकत नाही. वेग आधीच आलेला असावा लागतो.

## टप्पा ४: मागे नेणं

छोटा स्विंग जमल्यावरच इथे या. दोन सत्रं लागोत नाही तर सहा.

क्लब हातांनी उचलायचा नाही. खांदे, हात आणि क्लब एकत्र निघतात, पहिली दोन फूट जमिनीलगत. क्लब जमिनीला समांतर होईल तिथे थांबून पाहा: शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, पायांच्या रेषेला समांतर हवा आणि फेस पाठीच्या कण्याइतकाच पुढे कललेला. फेस सरळ आकाशाकडे पाहत असेल तर तो उघडला. जमिनीकडे रोखला असेल तर फार मिटला.

तिथून मनगटं वाकतात आणि खांदे वळत राहतात. पाठ लक्ष्याकडे यायला हवी, निदान तसा प्रयत्न दिसायला हवा. कंबर आखडली असेल तर डावी टाच थोडी उचलली तरी चालेल, कुणी काहीही म्हणो. डावा हात लांब असावा, पण काठीसारखा ताठ नको.

नवख्यांना वाटतं की क्लब जितका मागे तितका चेंडू लांब. खांदे वळायचे थांबले की स्विंग तिथेच संपला. त्यापुढे क्लब जातो तो फक्त कोपर वाकवून.

तपासणी: पुन्हा भिंत. क्लबशिवाय, हात छातीवर घडी घालून, पार्श्वभाग भिंतीला टेकवून उभे राहा. मागे वळताना उजवी बाजू भिंतीला टेकलेली राहिली पाहिजे, पुढे येताना डावी. मधेच भिंत सुटत असेल तर तुम्ही स्विंगमध्ये उभे होताय. चेंडूच्या डोक्यावर फटका बसण्याचं मोठं कारण हेच. काकांना दिसते ती वर झालेली मान. मान एकटी वर जात नाही, सगळं धड तिला घेऊन जातं. म्हणून हनुवटी छातीत खुपसून काही साधत नाही, उलट खांदे वळायला जागा उरत नाही.

## टप्पा ५: खाली येणं

सर्वांत जास्त गडबड इथे, आणि ती सगळी वरून सुरू होते. क्लब माथ्यावर पोचला की नवखा माणूस हातांनी आणि उजव्या खांद्याने हाणायला धावतो. क्लब बाहेर फेकला जातो, चेंडूवरून आडवा आत येतो आणि स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, तयार होते.

शेतावर गोफण मारणारा माणूस आठवा. आधी पाय रोवला जातो, मग कंबर वळते, मग हात येतो आणि दोरी सगळ्यात शेवटी. क्लब ही दोरी आहे. क्रम असा:

१. वजन डाव्या पायावर. क्लब वर असतानाच डावी टाच जमिनीत दाबा.
२. कंबर लक्ष्याकडे वळायला लागते.
३. हात खाली पडतात. त्यांना पाडायचं, फेकायचं नाही.
४. क्लबचं डोकं शेवटी येतं.

हे वाचून जमत नाही, म्हणून दोन सराव. पहिला: दोन्ही पाय जुळवून, अर्ध्या वेगाने चेंडू मारा. वरून हाताने झोडलंत तर तोल जाईल, लगेच कळेल. दुसरा: माथ्यावर पोचल्यावर पूर्ण थांबा, "एक" म्हणा, डावी टाच दाबा, मग फिरवा. फटका विचित्र वाटेल, लांब जाणार नाही. दहा चेंडू असेच मारा.

लय साधारण तीनास एक: मागे जायला जितका वेळ, त्याच्या एक तृतीयांशात खाली. मनात मागे जाताना "एक-दोन-तीन", खाली येताना "चार".

सावध: बरगड्यांत किंवा कोपरात दुखायला लागलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. नव्या माणसाला एका दिवसात ५०-६० चेंडू पुरेत. कठीण मॅटवर शंभर-दीडशे चेंडू बडवून कोपर धरलेले लोक दर महिन्याला भेटतात.

## टप्पा ६: चेंडूला विचारा

काय चुकलं ते चेंडूच सांगतो. तो निघाला कुठे आणि वळला कुठे, या दोन गोष्टी वेगळ्या पाहा. निघण्याची दिशा मुख्यतः फेसची. वळण येतं ते फेस आणि क्लबचा मार्ग यांतल्या फरकामुळे.

डावीकडे निघून उजवीकडे वळला: क्लब बाहेरून आत आला आणि त्या मार्गाच्या मानाने फेस उघडा होता. ही नवख्यांची नेहमीची स्लाइस. यावर बहुतेक जण आणखी डावीकडे नेम धरतात. मग क्लब आणखी आडवा येतो आणि स्लाइस वाढते. आधी पकडीच्या खाचा तपासा, मग पायांची रेषा, मग टप्पा ५.

उजवीकडेच निघून सरळ उजवीकडे गेला: फेस आणि मार्ग दोन्ही उजवीकडे. बहुतेकदा नेमच तिकडे असतो. काठ्या ठेवून बघा.

सरपटत गेला, किंवा क्लब मागे जमिनीत रुतला: चुका उलट दिसतात, मूळ बहुधा एकच असतं, वजन मागे राहणं. रांगोळीच्या रेघेवर परत जा.

क्लबच्या दांड्याच्या मुळावर बसून काटकोनात उजवीकडे पळाला: तुम्ही चेंडूच्या फार जवळ आहात, किंवा स्विंगमध्ये त्याच्याकडे झुकताय. भिंतीचा सराव करा.

मोबाइलवर चित्रण करायचं तर दोनच जागांवरून: अगदी समोरून, आणि लक्ष्यरेषेच्या मागून, हातांच्या उंचीवर. तिरक्या कोनातून घेतलेल्या चित्रणात चांगला स्विंगही वाकडा दिसतो.

एका सत्रात एकच दुरुस्ती. पकड, कंबर आणि कोपर एकदम सुधारायला गेलात तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

## टप्पा ७: सराव कसा वाटायचा, आणि ड्रायव्हर कधी

साठ चेंडूंचं सत्र धरा. पहिले वीस कमरेपर्यंतच्या स्विंगने. पुढचे वीस त्या दिवशीच्या एका दुरुस्तीवर, अर्ध्या वेगाने. शेवटचे वीस पूर्ण स्विंगने, पण प्रत्येक चेंडूआधी खणातून मागे या, खूण हेरा, पकड नव्याने घ्या. एकामागून एक चेंडू ओढून मारणं हा व्यायाम झाला, सराव नव्हे.

सात नंबरने दहातले सहा चेंडू बऱ्यापैकी सरळ हवेत जायला लागले की ड्रायव्हर काढा. स्विंग तोच, मांडणी वेगळी. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, पाय थोडे रुंद, आणि टी एवढी उंच की अर्धा चेंडू क्लबच्या माथ्याच्या वर दिसेल. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. इथे क्लब खालचा बिंदू ओलांडून किंचित वर चढताना चेंडूला भिडतो, म्हणून जमिनीला लागता कामा नये.

ड्रायव्हरचे चेंडू दहाच, तेही तीन चतुर्थांश वेगाने. अकरावा मारावासा वाटला, विशेषतः दहावा छान गेला असेल तर, क्लब पिशवीत टाका, सात नंबरने कमरेपर्यंतचे पाच चेंडू मारा आणि सामान आवरा.